मुलगीच व्हायला हवी होती

प्राणीसंग्रहालयात तिला सगळे दाई म्हणायचे. दाई म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती गरम पाण्याची पातेली मागवणारी, चारचौघींवर ओरडणारी बाई. हिनं जन्मात एकाही बाईचं बाळंतपण केलेलं नव्हतं. केलं ते एका घोरपडीचं, आणि तेही चुकून. पण टोपणनावं ठेवणारी माणसं असल्या तपशिलात कधी शिरत नाहीत.

तिचं काम सरपटणाऱ्या प्राण्यांच्या घरात. सकाळी आलं की पाण्याची टाकी घासायची, उबेचे दिवे लागलेत ना ते बघायचं, फ्रीझरमधले उंदीर काढून कोमट पाण्यात सोडायचे, आणि मग फडकं घेऊन काच पुसायची. काचेवर आदल्या दिवशीच्या पोरांच्या नाकांचे ठसे असत. मोठी माणसंही नाक लावत, पण ते कबूल कोण करणार! या कामाला फार अक्कल लागते असं तिला कधी वाटलं नाही. सावधपणा मात्र लागायचा, कारण शेवटच्या खोलीत राणीसाहेब असत.

राणीसाहेब म्हणजे दूरच्या बेटावरून आणलेली घोरपड. लांबीला माणसाहून मोठी, चालीला संथ, आणि नजर अशी की समोरच्यानं आपण होऊन मागं सरावं. आली तेव्हा हातभर होती आणि तेव्हापासून एकटीच वाढली. तिच्या जातीचा नर पलीकडच्या खोलीत होता. मध्ये भिंत आणि भिंतीत कुलूपबंद लोखंडी झडप. दोघांची गाठ कधी घालून दिली नव्हती. एकानं दुसऱ्याला खाल्लं तर काय घ्या, असं साहेबांचं म्हणणं, आणि कोण कुणाला खाईल याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

नराविना राहिलेल्या मादीनं अंडी घातली तर काय करायचं, याचा तिथला रिवाज ठरलेला होता. त्याच दिवशी ती उचलायची, फ्रीझरमध्ये टाकायची आणि कचऱ्याच्या गाडीबरोबर वाटेला लावायची. नर नाही तर अंड्यात काही नाही, असा सरळ हिशेब. पण राणीसाहेबांनी अंडी घातली त्या संध्याकाळी फ्रीझर माशांनी गच्च भरलेला होता. दाईनं अंड्यांचा ट्रे तात्पुरता उबवणी पेटीत सरकवला, उद्या बघू म्हणून. पेटीचं बटण आधीच्या अजगराच्या अंड्यांपासून चालूच राहिलेलं. ती घरी पोचली तर नवरा मोरीच्या दारात कोसळून पडला होता. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यानंतरच्या दिवसांत तिला स्वतःच्या जेवणाची शुद्ध नव्हती, घोरपडीच्या अंड्यांची कुठून असणार?

रजा संपवून परतली तेव्हा ट्रे आठवला. नाकाला रुमाल लावून तिनं पेटी उघडली. वास नव्हता. अंडी पांढरी, टचटचीत, चामड्यासारख्या कवचाची. एक उचलून तिनं दिव्यासमोर धरलं, तर आत लाल धाग्यांचं जाळं. ती हरखून साहेबांकडे धावली, आणि तिथंच फसली. साहेबांनी अंडं बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि विचारलं, "झडप कधी उघडी टाकलीत?"

ती म्हणाली, झडप उघडली नाही. साहेब म्हणाले, उघडल्याशिवाय हे कसं होईल? ती म्हणाली, ते मला ठाऊक नाही, पण झडप उघडली नाही. हे असं किती वेळा झालं असेल ते देवालाच ठाऊक. साहेब वाईट नव्हते. त्यांना फक्त कळत होतं की बाप असल्याशिवाय पोर होत नाही, आणि हे कळणारा माणूस समोरच्या बाईला खोटारडी ठरवण्याशिवाय दुसरं काय करणार? तिची रवानगी तिकिटाच्या खिडकीवर झाली. बरोबरचे लोक येताजाता डोळे मिचकावत. "काय बाई, दाराला कडी लावली का?" असं विचारून हसत. नवरा जाऊन महिनाही झाला नव्हता. ती खिडकीत बसून सुटे पैसे देत असे आणि आतल्या आत जळत असे.

खरं काय ते शोधलं नव्यानं रुजू झालेल्या डॉक्टरीणबाईंनी. प्राण्यांच्या डॉक्टर, वयानं दाईपेक्षा बऱ्याच लहान. त्यांनी अंड्यातलं काहीबाही काढून तपासायला पाठवलं आणि निकाल आला की या पिल्लांना बाप नाही. जे आहे ते सगळं आईचं. पुढं पिल्लं फुटून बाहेर आली, वर्तमानपत्रात फोटो आला, आणि साहेबांनी चारचौघांत पुष्पगुच्छ देऊन तिला पुन्हा आत घेतलं. त्या दिवसापासून ती दाई.

पुष्पगुच्छ दोन दिवसांत वाळला, पण खिडकीतले ते महिने तिच्या अंगातून गेले नाहीत. आपण खरं बोलतोय आणि एकही माणूस ते धरत नाही, या दुःखाची जात वेगळी. त्यात माणूस स्वतःवरच शंका घ्यायला लागतो. तिनंही घेतली होती. झडपेचं कुलूप तिनं आपल्या हातानं चार-चारदा ओढून बघितलं होतं. तेव्हाच तिनं मनाशी ठरवलं, की उद्या माझ्यासमोर कुणी असं एकटं पडून सांगायला लागलं, तर मी झडप उघडी होती का हे विचारणार नाही. मी विश्वास ठेवीन. निश्चय चांगलाच होता. माणसाचं वाटोळं करतात ते पुष्कळदा असे चांगलेच निश्चय.

नवऱ्यामागं ती आणि तिची लेक थोरल्या दिरांकडे राहायला आल्या. दिरांचं चष्म्याचं दुकान होतं, वर राहतं घर. त्यांनी एक खोली रिकामी करून दिली, कपाट दिलं, आणि भाड्याचा शब्द काढला तर रागावले. "माझ्या भावाची माणसं तुम्ही. भाडं कसलं घेऊन बसलात?" हळू आवाजात बोलणारा, चष्म्याची काच स्वतःच्या शर्टाच्या टोकानं पुसून देणारा माणूस. त्यांना मूलबाळ नव्हतं. थोरल्या जाऊबाई देवधर्माच्या. दर आठवड्याला त्यांच्या बाहेरच्या खोलीत प्रार्थनेला बायका जमत, आणि जाऊबाई त्यांना गोष्टी सांगत. सांगण्याची हातोटी अशी की ऐकणारीला वाटावं, देव कालच इथं चहाला येऊन गेला.

लेक विशी ओलांडलेली. कॉलेज संपवून घरी होती, म्हणून मोठ्या काकांनी तिला दुकानात बसवलं. गिऱ्हाइकांना फ्रेमा दाखवायच्या, संध्याकाळी काउंटर आवरायचा. सुरुवातीला ती हसत जायची. मग एके दिवशी म्हणाली, "आई, मला दुकानात नाही जायचं."

"का गं?"

"कंटाळा येतो."

"कंटाळा? ज्यांच्या घरात राहतो त्यांचं एवढं काम नको करायला? लोक काय म्हणतील, फुकटचं बसून खातात?"

लेक चप्पल घालून खाली गेली. दाईला त्या दिवशी आपण पोरीला चांगलं वळण लावलं असं वाटलं होतं.

काही महिन्यांनी लेकीला सकाळी उलट्या व्हायला लागल्या. दाई एवढीही भोळी नव्हती. लेकीची कॉलेजातली एक मैत्रीण गाठून तिच्या ओळखीनं तिनं तपासणी करवून आणली, आणि निकाल हातात घेऊन स्वयंपाकघरात लेकीसमोर उभी राहिली. त्याच वेळी थोरले दीर पाण्याची बाटली भरायला आले आणि दारात थबकले. घरातल्या वडीलधाऱ्या माणसासमोर लपवायचं तरी काय आणि किती, असं वाटून तिनं त्यांना जा म्हटलं नाही.

"कोण?" तिनं लेकीला विचारलं.

लेक फरशीकडे बघत होती. "कोणी नाही."

"कोणी नाही म्हणजे काय?"

"कोणी नाही म्हणजे कोणी नाही. मला नाही माहीत कसं झालं."

दाईच्या तोंडावर शब्द आलेच होते. झडप कधी उघडी टाकलीस, याच अर्थाचे. आणि तिला साहेबांचा चेहरा दिसला. तिकिटाची खिडकी आठवली, बाहेरून येणारं हसू आठवलं. तिनं शब्द गिळला, पुढं झाली आणि लेकीला पोटाशी धरलं. "माझा विश्वास आहे," ती म्हणाली, "जगानं काहीही म्हणू दे. माझा तुझ्यावर विश्वास आहे." लेकीचं अंग तिच्या मिठीत ताठ झालं ते तिला जाणवलं. पोर घाबरली आहे, असं तिनं धरून घेतलं.

दारातून दीर हळूच म्हणाले, "लहानपणापासून बघतोय मी तिला. खोटं बोलणारी पोर नाही ही. देवाच्या मनात काय असतं ते आपल्याला काय कळणार?" दुसऱ्या कुणाच्या घरात असती तर तिला पोरीसकट रस्त्यावर काढली असती. दाईला भरून आलं. वाकून त्यांचे पाय धरावेत असं तिला वाटलं.

मिठी सुटल्यावर माणूस विचार करायला लागतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई राणीसाहेबांचा दात बघायला आल्या, तेव्हा दाईनं हातातलं फडकं पिळत पिळत विषय काढला.

"बाई, हे आपल्या राणीसाहेबांसारखं... माणसात होतं का हो कधी?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "नाही हो. पाली, सरडे, काही मासे, क्वचित पक्षी. आपल्यात नाही. दूध पाजणाऱ्या कुठल्याच प्राण्यात आपोआप होत नाही. गर्भ वाढायला काही खुणा बापाकडूनच याव्या लागतात. त्या नसल्या तर सुरुवात होते आणि तिथंच विरून जाते."

"कधीच नाही?"

"आजवर तरी सापडलेलं नाही."

आजवर. बुडणाऱ्या माणसाला एवढा शब्द पुरतो. डॉक्टरीणबाईंना शिकवायची हौस, त्या पुढं बोलत राहिल्या. "आणि गंमत सांगू? आपल्या राणीसाहेबांची सगळी पिल्लं नर निघाली, आठवतं? या जातीत नर आणि मादी दोन्ही घडवायचं सामान आईकडे असतं, पण एकटीनं केलं तर नरच जगतात. माणसात उलटं. बाईकडे मुलगा घडवायचा तुकडा नसतोच, तो बापाकडून येतो. त्यामुळं समजा, अगदी समजा हं, एखाद्या बाईला आपोआप मूल झालंच, तर ती मुलगीच असेल. मुलगा शक्यच नाही." मग त्या थांबल्या आणि दाईकडे नीट बघून म्हणाल्या, "का हो? कुणी विचारतंय का?"

"छे, असंच."

"नक्की ना? काही असेल तर सांगा मला."

"काही नाही हो. टीव्हीवर काहीतरी दाखवत होते." आणि ती काच पुसायला गेली, जिच्यावर त्या दिवशी एकही ठसा नव्हता.

घरी जाऊबाईंनी गोष्ट आपल्या पद्धतीनं हातात घेतली होती. आधी दोन दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत, देवघरातून बाहेर आल्या नाहीत. मग त्यांना मार्ग सापडला. पुढच्या बैठकीत त्यांनी बायकांना देवदूताचा निरोप आलेल्या कुमारिकेची गोष्ट सांगितली, मग सूर्याकडून मूल झालेल्या राजकन्येची, मग अंगावरच्या मळातून पोर घडवणाऱ्या देवीची. "कुठल्याही धर्माची पोथी उघडा," त्या म्हणाल्या, "देवाला मोठं काही करायचं असलं की तो पुरुषाला विचारायला जात नाही." एक-दोघी खालमानेनं हसल्या आणि पुढच्या आठवड्यापासून यायच्या बंद झाल्या. उरलेल्यांनी मान डोलावली. त्या फळं आणत, लेकीचा हात हातात घेऊन डोळे मिटून बसत. लेक भिंतीला टेकून बसे आणि हात तसाच देऊन ठेवी, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

"मुलगाच होणार," जाऊबाई निळी लोकर विणता विणता सांगत. "असल्या गोष्टीत मुलगी झाल्याचं कुणी ऐकलंय?"

एवढं खरं होतं. एकाही गोष्टीत मुलगी नव्हती. दाई कोपऱ्यात बसून ऐकायची आणि मनातल्या मनात म्हणायची, मुलगी होऊ दे. देवा, मुलगीच होऊ दे. बायका ज्या देवाकडे मुलगा मागत होत्या त्याच देवाकडे ती मुलगी मागत होती, आणि का मागतेय ते सांगायला तिला तोंड नव्हतं. मुलगी झाली की आपण डॉक्टरीणबाईंकडे जाऊ, तपासायला देऊ, आणि पुन्हा सगळ्यांना कळेल. पोर खरं बोलत होती हे कळेल. मुलगा झाला तर काय, हा विचार आला की ती उठून भांडी घासायला लागायची.

आणि पोरीकडे बघायला मात्र ती विसरत होती. हे सांगायला हवं, कारण ती प्रेमळ आई होती आणि तरीही विसरत होती. लेक जेवताना अर्ध्यातून उठते, आंघोळीला गेली की बराच वेळ बाहेर येत नाही, कुणी मागून हाक मारली की दचकते, हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर होतं. पोटुशा बाईचे असतात असे नखरे, असं म्हणून तिनं ते बाजूला ठेवलं. घोरपडीनं एक वेळचा उंदीर टाकला तर ती डॉक्टरांना बोलवायची. दवाखान्यात न्यायचं काम दिरांनी आपणहून घेतलं होतं. ते गाडी काढत, तपासणीला खोलीत बरोबर जात, औषधं आणत. "बापाच्या जागी आहेत ते तिला," दाई शेजारणीला सांगायची.

एकदा दोघी वाळलेले कपडे घडी करत बसल्या होत्या. लेकीनं चादरीची दोन टोकं धरली होती, आईनं दोन.

"आई, तुला खरंच खरं वाटतं?" लेकीनं विचारलं.

"काय?"

"मी सांगितलं ते. कोणी नाही म्हणून."

दाईला वाटलं, हीच ती वेळ. आपल्याला कुणी असं सांगणारं नव्हतं, हिला आहे. ती चादर सोडून लेकीजवळ आली आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाली, "शंभर टक्के. सगळं जग एका बाजूला झालं तरी मी म्हणणार, माझी लेक खरं बोलते."

लेक तिच्याकडे बघत राहिली. काहीतरी म्हणेल असं वाटलं. मग ती म्हणाली, "बरं," आणि खाली पडलेली चादर उचलून एकटीच घडी करायला लागली. त्यानंतर तिनं हा विषय कधी काढला नाही. दाईला वाटलं, पोरीला धीर आला.

बाळंतपण अवघड गेलं. दुपारी आत नेलेली लेक, बाहेर अंधारून आलं तरी काही बातमी नव्हती. सूतिकागृहाच्या बोळात प्लास्टिकच्या खुर्च्या, हात धुण्याच्या औषधाचा वास, आणि भिंतीवर हसऱ्या बाळांची चित्रं. जाऊबाई जप करत होत्या. बैठकीतल्या दोन बायका फुलं घेऊन आल्या होत्या. दीर येरझाऱ्या घालत होते आणि दर फेरीला शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत होते. दाई एका जागी बसून होती. तिच्या ओठांवर एकच शब्द होता.

दार उघडलं. नर्स कपड्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन बाहेर आली. "मुलगा झाला हो!"

जाऊबाईंनी हात जोडले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "सांगितलं होतं ना मी! सांगितलं होतं!" बायकांनी फुलं बाळावर टाकली, नर्स "अहो, अहो" करत राहिली. एकीनं वाकून बाळाच्या पायांना कपाळ लावलं. सगळा बोळ आनंदानं भरून गेला, आणि त्या आनंदाच्या मधोमध दाई अशी बसली होती की कुणीतरी तिला म्हणालं, "अहो, आजी झालात! हसा की!"

तिनं बाळाकडे बघितलं. लालबुंद, सुरकुतलेलं, मुठी आवळलेलं. त्याचा काय दोष? चांगलं पोर होतं. पण ते मुलगा होतं. तिच्या लेकीकडे द्यायला जे नव्हतंच, ते या पोराला कुणीतरी दिलं होतं. कुणीतरी म्हणजे माणसानं. घरात चालत फिरत असलेल्या, जेवत असलेल्या एखाद्या माणसानं. तिला एकाएकी आठवलं, की इतक्या महिन्यांत तिनं 'कोण' हा प्रश्न एकदाच विचारला होता.

ती उठून आत गेली. खोलीत लेक एकटीच होती, भिंतीकडे तोंड करून पडलेली. केस कपाळाला चिकटलेले, ओठ कोरडे. दाई पलंगाच्या कडेला बसली. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. बोलायचं एकच होतं.

"कोण?"

लेकीनं मान वळवली. आईकडे बघितलं, आणि मग आईच्या खांद्यावरून मागं. दार अर्धवट उघडलं होतं. थोरले दीर हातात बाळ घेऊन उभे होते. "येऊ का आत?" त्यांनी नेहमीच्या हळू आवाजात विचारलं. "आईला बाळ नको का दाखवायला?"

"कोणी नाही," लेक म्हणाली.

तेच शब्द. तोच आवाज, तीच खाली गेलेली नजर. स्वयंपाकघरातला तो दिवस दाईच्या डोळ्यांपुढे उभा राहिला, आणि या वेळी तिला त्यातलं दारही दिसलं, दारातला पाण्याची बाटली धरलेला माणूसही दिसला. ती उठली, दारापाशी गेली आणि दिरांच्या हातातून बाळ काढून घेतलं. ते सहज देत नव्हते, तिनं ओढूनच घेतलं.

"अगं, हे काय?"

"बाहेर व्हा."

"अगं, मी काय म्हणतो..."

"बाहेर व्हा म्हटलं ना!" तिचा आवाज बोळभर गेला. जाऊबाईंचा जप थांबला. दाईनं दार लावलं, कडी घातली, आणि दाराच्या काचेवर पडलेली त्यांची सावली जाईपर्यंत तिथंच उभी राहिली. सावली गेल्यावर बाळाला पाळण्यात ठेवलं आणि पुन्हा येऊन पलंगावर बसली. आयुष्यात कधी कुणाला म्हणणार नाही असं ठरवलेलं वाक्य आता तिला स्वतःच्या पोरीला म्हणायचं होतं.

"तू खोटं बोलतेस," ती म्हणाली.

लेकीनं डोळे मिटले. मग तिचा सगळा चेहरा सुटला, लहानपणी पडल्यावर सुटायचा तसा.

"हो," ती म्हणाली. "मोठे काका. दुकानात. शटर ओढून घ्यायचे." आणि मग एकेक शब्द ओढत तिनं पुढचं सांगितलं. पाळण्यातलं बाळ रडायला लागलं तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही.

"मला सांगायचं नाहीस का गं आधी?" शेवटी दाईच्या तोंडून निघालं.

लेकीनं तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. असता तर दाईला सोपं गेलं असतं.

"मला वाटलं होतं, तू म्हणशील हे शक्यच नाही," ती म्हणाली. "तुला तर माहीत असणार असं होत नाही ते. मी रोज वाट बघायचे, आज आई मला खोटारडी म्हणेल. तू म्हणालीच नाहीस."